मायच्या शिव्यांत कुणाची माय नव्हती

गेल्या दिवाळीत माझी नात पुण्याहून आमच्याकडे, विदर्भातल्या तिरोड्याला आली होती. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि ती मोबाइलमध्ये गुंतली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, ओट्यावरून धार खाली आली. "मिएरकोलेस!" ती ओरडली आणि फडकं घेऊन धावली. मी सपरीत तांदूळ निवडत होते. शब्द कानाला नवा लागला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आजी, स्पॅनिशमध्ये बुधवार." त्या दिवशी वार शुक्रवार होता.

ओटा पुसून झाल्यावर तिनं नीट सांगितलं. ती कॉलेजात स्पॅनिश शिकते. वर्गात क्रियापदं चालवून झाली, बाजारात भाव कसा विचारायचा ते झालं, पण तिकडची माणसं चिडली की काय म्हणतात हे पुस्तकात नव्हतं. ते तिनं तिकडच्या मालिका बघून उचललं. स्पॅनिशमध्ये विष्ठेला एक शब्द आहे आणि तो चिडल्यावर सर्रास तोंडात येतो. समोर लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल, तर सुरुवातीचा उच्चार तोच ठेवायचा, जीभ ऐन वेळी वळवायची आणि 'मिएरकोलेस' म्हणून मोकळं व्हायचं. तसाच 'ओस्त्रास'. चर्चमधल्या पवित्र भाकरीला 'ओस्तिया' म्हणतात. तिच्या नावानं चरफडणं वाईट, म्हणून 'ओस्त्रास', म्हणजे समुद्रातली कालवं. 'काराम्बा' हाही एका अश्लील शब्दाच्या जागी बसवलेला. शिवीला तिकडे काय म्हणतात, मी विचारलं. स्पेनमध्ये 'ताको', ती म्हणाली; मेक्सिकोत त्याच ताकोचा अर्थ मक्याच्या पोळीत गुंडाळलेलं खाणं.

"आपल्याकडे असं असतं का गं आजी?"

मी उठले आणि कपाटातली वही काढून तिच्या हातात दिली.

ही वही 2003 सालची. त्या वर्षी माझी माय गेली. तेरवीच्या रात्री जेवणं उरकल्यावर आळीतल्या बायका सपरीत टेकल्या होत्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आता आमाले 'वाघ खाय तुले' कोन म्हनल?" सगळ्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. हाताशी पाठ टाचणाची वही होती. तिच्या मागच्या पानावर मायची चिडल्यावरची बोलणी आठवतील तशी लिहीत गेले. पहाटेपर्यंत सतरा झाली. पुढे इतर बायकांची लिहिली, भात रोवण्याच्या बांधीतली, विहिरीवरची, बाजारातली. आता वही भरत आली आहे.

माझी माय विड्या वळायची. आमच्या भागात निम्म्या आळीचा संसार तेव्हा त्यावर चाले. रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कैचीनं भराभर कापायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, एका कडेला जर्दा. चिमूट पानावर पसरली की दोन्ही हातांची बोटं एकदा फिरत, दोऱ्याचे वेढे बसत, टोकाची घडी आत जाई, आणि विडी सुपात पडे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. बोलताना, रागावताना, लेकराला निजवतानासुद्धा बोटं थांबत नसत. दोरा तुटला की "आग लागो याले". पान फाटलं की "जळलं मेलं". मांजर जर्द्यात घुसलं की "वाघ खाय तुले". शब्द तोंडातून जात आणि हात पुढच्या पानावर. माझ्या मायचे 'मिएरकोलेस' हे होते.

1964 साली मी नऊ वर्षांची होते. कट्टे टोपलीत भरून माय कारखान्यात द्यायला गेली, मी तिच्याबरोबर. मुन्शी कट्टा हातात घेई, बोटानं दाबे, सोडे, आणि ज्या विड्या मनास येणार नाहीत त्या बाजूला टाके. याला छाट म्हणत. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत नाहीत. त्या दिवशी त्यानं चार कट्टे मोडले. माय काहीच बोलली नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला, उरलेल्याचे पैसे मोजून घेतले आणि निघाली. रेल्वेलाईनच्या कडेकडेनं आम्ही घरी आलो. वाटेत बोडी लागते, म्हणजे छोटं तळं. माय पाण्यात उतरली, पाय धुतले, आणि पाण्याकडे तोंड करून, जणू कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मानमोडी येवो त्याले."

"मानमोडी म्हंजे काय व माय?"

"मले का मालूम? माही माय म्हने."

1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला, आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणाऱ्या भांडणांचा निवाडा करायची सोय त्यात ठेवली गेली. मायला त्याचा पत्ता लागायला बरीच वर्षं गेली. तोवर तिच्याजवळ दाद मागायला बोडीचं पाणी होतं आणि तो एक शब्द.

त्या शब्दाचा उलगडा मला फार उशिरा झाला. 2018 साली इन्फ्लुएन्झाच्या मोठ्या साथीला शंभर वर्षं झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत लेख आले. त्यांत वाचलं की 1918 च्या साथीला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत. माझ्या अंगावर काटा आला. ती साथ मुंबई बंदरातून देशात शिरली. जूनमध्ये पहिली लाट आली ती सौम्य होती. सप्टेंबरनंतरच्या लाटेनं माणसं झोपल्या जागी नेली. आगगाड्यांनी ती आतल्या मुलखात पसरवली. आमच्या तिरोड्यावरून जाणारी लाईन 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे टाकलेली, नंतर बंगाल-नागपूर रेल्वेनं घेऊन कलकत्त्याला जोडलेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली. एकोणीसशे एकनंतरच्या दुसऱ्या कुठल्याही दशकात असं झालेलं नाही. माझी आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले एवढं घरात सांगत. कशानं गेले ते कुणी सांगत नसे. रोगाचं नाव घरात राहिलं ते शिवी होऊन.

मग मी वही नव्यानं वाचली. "पटकी येवो". पटकी म्हणजे कॉलरा. नदीकाठच्या आणि तळ्याबोड्यांच्या गावांना तो नवा नव्हता. "मरी नेल तुले". "देवी फुटो तोंडावर". देवीचा आपल्या देशातला शेवटचा रोगी 1975 सालचा, आणि 1977 मध्ये देश त्या रोगातून सुटल्याचं जाहीर झालं. आमच्या आळीत ती शिवी त्यानंतरही वीस वर्षं चालली. "वाघ खाय तुले" तर आमच्या उंबऱ्यावरची. नागझिऱ्याचं रान आमच्यापासून लांब नाही. 1970 साली ते अभयारण्य झालं, 2013 साली नवेगावसकट व्याघ्र प्रकल्प. पण त्याआधी कितीतरी पिढ्या आमच्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला त्या रानात जात. झाडाखाली वाकलेली बाई आणि मागं वाघ, हे त्यांना गोष्टीतलं नव्हतं. जे खरोखर बघितलं, ज्याच्या भीतीनं रात्र काढली, तेच चिडल्यावर तोंडात आलं. आमच्या तालुक्याचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर दुष्काळ, साथी आणि जनावरं या तीन प्रकरणांचा मजकूर या बायकांच्या तोंडी तयार होता.

नातीनं वही चाळली आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं, जी वीस वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. ती म्हणाली, "आजी, यात कुणाच्या आईवर शिवीच नाही."

मी पुन्हा पानं उलटली. खरंच नव्हती. मायनं ज्याला शाप दिला त्यालाच दिला. मुन्शी लबाड तर मानमोडी मुन्शीला. बकरीनं भाताचे पऱ्हे खाल्ले तर वाघ बकरीला. मुन्शीची आई, बहीण, बायको यांच्यापैकी कुणी त्यात ओढलेलं नव्हतं.

हे लक्षात आलं आणि मला अक्षीचा दगड आठवला. माझा भाऊ नोकरीमुळे काही वर्षं अलिबागला होता, तेव्हा त्यानं मला अक्षीला नेलं होतं. तिथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा. शिलाहारांच्या काळातला हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणतात. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवली, म्हणून देवदर्शनाला उभं राहावं तशी उभी राहिले. वर सूर्य-चंद्र कोरलेले: ते आहेत तोवर हे दान चालावं. खाली दानाचा मजकूर. आणि शेवटी गद्धेगाळ. जुन्या मराठीत गाळ म्हणजे शिवी. हे दान जो मोडील त्याच्या आईशी गाढव संग करील, असा तो शाप असतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुष्कळ दगडांवर ते चित्रही कोरलेलं असतं. कोकणात आणि घाटावर असे दगड पुष्कळ सापडतात.

परळला सापडलेला शिलालेख इ.स. 1187 चा, शिलाहार राजा अपरादित्याच्या वेळचा. त्यात दानाचा तपशील संस्कृतात आहे, शाप तेवढा मराठीत. कारण उघड आहे. दान कुणाला किती दिलं हे भटजींना आणि अधिकाऱ्यांना कळलं तरी पुरे. धाक मात्र गावातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. आपल्या भाषेचा दगडावरचा जुन्यातला जुना वापर दाखवताना आपण अभिमानानं या लेखांची नावं घेतो, आणि घ्यावीत. पण त्या दिवशी अक्षीला मला जे टोचलं ते मी कधी वर्गात बोलू शकले नाही. जमीन बळकावणार पुरुष. दान मोडणार पुरुष. आणि शिक्षा त्याच्या आईला, जिला त्या जमिनीतलं वीतभर रान कधी स्वतःच्या नावावर मिळालं नसेल. पुढच्या शतकांत सनदांमध्ये गाढव मागं पडलं, हिंदूला गाईची आण आणि मुसलमानाला डुकराची आण आली. कागदावरची शपथ बदलली. रस्त्यावरची बदलली नाही. आजही तिरोड्याच्या स्टेशनवर दोन माणसं धक्का लागला म्हणून भांडतात तेव्हा पहिला घाव एकमेकांच्या मायवर.

स्पॅनिशमध्येही तसंच आहे म्हणे. तिकडच्या सर्वांत जड शिव्यांपैकी एक आईवरच आहे.

आपले सौम्य शब्द त्याच खडकाच्या कपच्या आहेत. 'आयला', 'च्यायला', 'मायला', 'च्यामारी': मधलं क्रियापद गळालं, कर्ता गळाला, नुसती आई आणि एक प्रत्यय उरला. 'शिंच्या' हा 'शिंदळीच्या'चा झिजलेला अवशेष. कोकणातल्या आणि पुण्याकडच्या जुन्या घरांत तो लाडानं म्हणत, आणि म्हणणाऱ्याला मूळ शब्द उच्चारायला सांगितला असता तर त्यानं कानावर हात ठेवले असते. नदीतला गोटा जसा घासत गुळगुळीत होतो तसे हे शब्द झाले. स्पॅनिश माणसानं बुधवार पुढे केला, आपण अर्धं वाक्य गिळलं. दोघांनाही समोरच्याचा मान राखायचा होता. हा मान राखणं मला फार मोलाचं वाटतं. राग तर आला आहे, जीभ तर उचलली आहे, आणि तरी शेवटच्या क्षणी माणूस स्वतःला आवरतो.

आमच्या विदर्भात सौम्य शिवीची परंपरा फार जुनी आणि फार गोड आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, तेराव्या शतकातलं. तिथं गोविंदप्रभू राहत, गुंडम राऊळ. चक्रधरस्वामींचे ते गुरू. लोक त्यांना वेडे म्हणत आणि देवही मानत. म्हाइंभटानं त्यांच्या आठवणी गोळा करून लिहिल्या, त्यात ते लोकांना येताजाता "मेला जाय", "मेली जाय" असं म्हणताना दिसतात. लेकरांना म्हणत, बायांना म्हणत, भक्तांना म्हणत, आणि ऐकणाऱ्याला तो प्रसाद वाटे. म्हाइंभटानं देवाच्या तोंडची ही शिवी सोवळी करून लिहिली नाही, जशी ऐकली तशी ठेवली; मराठी गद्यावर त्याचा हा उपकार आहे. चक्रधरांचे शिष्य नीळभट तर आमच्या भंडाऱ्याचे, भांडारेकार म्हणूनच ओळखले जातात. सातशे वर्षांपूर्वी या मुलखात जो शब्द मायेनं बोलला जात होता तोच माझ्या मायनं मला परीक्षेच्या दिवशी वेणी घालताना ऐकवला: "हाल नोको मेली." ओळखीचं काही वाचताना मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

शिवी देण्याचे दिवसही आपल्याकडे ठरलेले आहेत. खंडाळा तालुक्यात, सातारा जिल्ह्यात, सुखेड आणि बोरी या गावांच्या बाया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. वाद्यं वाजत असतात, हातवारे चालू असतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर खोटा आळ येतो, आणि तो टळावा म्हणून शेजाऱ्याच्या छपरावर खडा टाकून त्याच्या शिव्या खायच्या, अशी रीत होती. शिमग्याचं वेगळं सांगायला नको.

आमचा दिवस पोळ्यानंतरचा. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या डहाळ्या खोचायच्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लेकरं त्या उपसून गावाबाहेर न्यायची, आणि जाताना गळा फाडून ओरडायचं: इडा-पिडा, खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर, सगळं घेऊन जा गे मारबत. शेजारी पोवारांचं घर होतं. ते पोवारीत नारबोद म्हणायचे, आणि आमच्या दोन्ही हाका अंधारात एकमेकींत मिसळायच्या. नागपुरात याचा मोठा सोहळा झाला आहे, तिथं मारबतीचे पुतळे मिरवतात. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. बरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, त्यांवर त्या त्या वर्षीच्या महागाईचं, भ्रष्टाचाराचं नाव. आमच्या आळीत नुसती डहाळी होती. मला आठवते ती गावाबाहेर पोचल्यावरची शांतता. डहाळ्या फेकल्या की मागं बघायचं नाही. ओले पाय, हातात पळसाचा वास, आणि घरी माय म्हणायची, "गेली का? बरं झालं." वर्षभर तोंडात असलेले रोग त्या एका सकाळी नाव घेऊन घालवले जात. आणि इथंही शाप माणसाला नव्हता, ढेकणाला आणि खोकल्याला होता.

आता एक कबुली, नाही तर मी माझ्या मायला देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. वहीत आईवर शिवी नाही हे खरं, पण एक शब्द मी वहीत लिहिलाच नव्हता. नातीनं ते दाखवल्यावर तो आठवला. लहानपणी माय आम्हां बहिणींवर चिडली की "रांडे" म्हणायची. आळीतल्या सगळ्याच म्हणायच्या, विहिरीवर तर एकमेकींना नावासारखा तो शब्द. आमच्याकडे त्याचा पहिला अर्थ विधवा. 1971 च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. त्या दिवसानंतर माय बत्तीस वर्षं जगली, आणि तो शब्द तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. तिनं कधी सांगितलं नाही की मी हा शब्द सोडला. एकदा विहिरीवर एकीनं दुसरीला तो शब्द घातला, तेव्हा माय भरली घागर तशीच ठेवून निघून आली. मी जाऊन घागर आणली. त्यावर घरात काही बोलणं झालं नाही.

हे सगळं कुठं लिहिलेलं सापडेल म्हणून मी शोधलं. ग्रिअर्सन साहेबांनी देशभरातल्या भाषांची पाहणी केली. त्यातला मराठीचा खंड सातवा, 1905 सालचा. बोली नोंदवायला त्यांनी सगळीकडे बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वापरली. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, बाप त्याला पोटाशी धरतो. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात कुणाचा दोरा तुटत नाही, कुणाचं दूध उतू जात नाही, आणि तिच्यात आईच नाही. त्यामुळं आमच्या बोलीतलं 'बाप', 'भाऊ', 'शेत' कागदावर गेलं, आणि 'वाघ खाय तुले' राहून गेलं. दाते-कर्व्यांनी 1932 पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, त्या कामाला मी हात जोडते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आमच्या या झाडीबोलीसाठी जन्म वेचला, कोश केला, म्हणून आमच्या 'डोरा' आणि 'कारा' या शब्दांना मान मिळाला. त्याआधी शाळेत आम्हीच मुलांना 'डोळा म्हण, काळा म्हण' असं दटावत होतो. मीही दटावलं आहे.

पण शिवीचं ओझं कोश एकट्यानं पेलू शकत नाही. शब्द, व्याकरण, अर्थ एवढं कोशात बसतं. कोण म्हणालं, कुणाला, कोणत्या वेळी, हात तेव्हा काय करत होते, हे त्यात मावत नाही. 'मानमोडी' पुढे 'एक साथीचा रोग' असं लिहिलं की अर्थ पुरा होतो, बोडी राहते.

आणि शब्द जात आहेत. विड्या वळणारी घरं आमच्या आळीत आता दोनच. वीज प्रकल्प आला, देशभरातली माणसं कामाला आली, बाजाराची भाषा निम्मी हिंदी झाली. त्यात मला वावगं वाटत नाही, हा मुलूख नेहमीच मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी असा चौफेर बोलत आला आहे. वाईट याचं वाटतं की पोरांच्या तोंडी आता सगळीकडे सारख्याच चार शिव्या आहेत, मोबाइलवरून आलेल्या, आणि चारही आईबहिणीवरच्या. दहा वर्षांच्या मुलानं खेळात हरल्यावर त्या द्याव्यात आणि बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या आईनं ऐकून न ऐकल्यासारखं करावं, हे मी रोज संध्याकाळी बघते. त्याच्या पणजीजवळ चिडायला वाघ होता, आग होती, पटकी होती. त्याला त्यातलं काही मिळालं नाही.

नातीनं जाण्याआधी वहीत स्वतःच्या हातानं नोंद केली: मिएरकोलेस, तिरोडा, दिवाळी, दूध उतू गेलं तेव्हा. खाली तिनं 'रांडे' लिहिलं, आणि पुढे 1971 पर्यंत.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी माय, आजी, आत्या असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा की ती आणि तिची माय चिडल्यावर काय म्हणायच्या. पहिल्यांदा ती लाजेल, मग हसेल, मग सांगेल. शब्द लिहा, गाव लिहा, ती तेव्हा काय काम करत होती ते लिहा. लिहिणं जमत नसेल तर मोबाइलवर तिचा आवाज धरून ठेवा. येत्या पोळ्याच्या आत करा.